विश्लेषण : महाकाय रोबोंचा जुना डावपेची गेम, बाजारातला ‘चारशे गेमचा डबा’ आणि नवा कायदा… मुलांच्या हातात नेमके काय आहे?

शिरूर-दौंड परिसरातील मोबाइलची दुकाने, यात्रेतील खेळण्यांची पाले आणि ऑनलाइन खरेदीची संकेतस्थळे यांवर सध्या हातात मावणारे ‘रेट्रो’ गेमचे डबे काहीशे रुपयांना मिळतात. दुसरीकडे, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. त्यामुळे कोणता गेम निव्वळ करमणूक, कोणता चोरीची प्रत आणि कोणता जुगार, असा गोंधळ पालकांच्या मनात आहे. जपानमधील ‘सुपर रोबोट वॉर्स’ या तीन दशकांहून जुन्या मालिकेने कॅसेट ते मोबाइल असा सगळा प्रवास केला आहे. तिच्या उदाहरणावरून हा गोंधळ बराचसा सुटतो.

‘सुपर रोबोट वॉर्स’ हा गेम काय आहे?

बानप्रेस्टो या जपानी कंपनीने एप्रिल १९९१ मध्ये निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातातील कन्सोलसाठी या मालिकेतील पहिला गेम आणला. कल्पना साधी होती. जपानी टीव्हीवरील वेगवेगळ्या मालिकांतील महाकाय रोबो एकाच रणांगणावर आणायचे. गो नागाई यांचा १९७२ चा ‘मेझिंगर झेड’, तीन विमाने जोडून तयार होणारा ‘गेटर रोबो’ आणि १९७९ पासूनचा ‘गंडम’ हे तिचे पहिले तीन खांब. पहिल्या गेममध्ये रोबोच जिवंत पात्रे होती, त्यांना चालक नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘फॅमिकॉम’ या घरगुती कन्सोलवर दुसरा भाग आला. त्यात चालक आले, सलग कथा आली आणि मालिकेचा साचा ठरला.

या रोबोंच्या घराण्यातील एक चेहरा भारतीय प्रेक्षकांनाही माहीत आहे. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर दाखवलेला ‘जायंट रोबोट’ हा मित्सुतेरू योकोयामा यांच्या मूळ कल्पनेवरचा, १९६७ चा जपानी कार्यक्रम होता. त्याच ‘जायंट रोबो’ची नंतरची अॅनिमेशन आवृत्ती २००० सालच्या प्लेस्टेशनवरील ‘सुपर रोबोट वॉर्स अल्फा’मध्ये दाखल झाली. म्हणजे रोबो आपल्या घरात आला होता, गेम मात्र आला नाही.

हा गेम खेळतात कसा?

यात बटणे बडवून गोळ्या झाडायच्या नसतात. पटावर चौकोनी घरे असतात. आधी आपल्या सगळ्या रोबोंनी चाल करायची, मग शत्रूने. बुद्धिबळाच्या जवळ जाणारा हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे प्रत्येक सोंगटीची ऊर्जा, दारूगोळा, चिलखत आणि चालकाचे कौशल्य वेगळे असते. मेझिंगरसारखा रोबो जाड चिलखताचा, मार सोसणारा. गंडमसारखा हलका, वार चुकवणारा. गेटर रोबो जोडणीचा क्रम बदलून हवेत, जमिनीवर किंवा पाण्यात लढतो. कोणता रोबो कोणत्या जमिनीवर उभा करायचा, यावर डाव फिरतो.

पुढच्या भागांत हल्ल्याआधी नेम लागण्याची शक्यता टक्क्यांत दाखवली जाऊ लागली. ६० टक्के शक्यतेवर शेवटचा गोळा खर्च करायचा, की एक चाल थांबून ऊर्जा भरून घ्यायची, असे निर्णय सतत घ्यावे लागतात. रोबो पडला तर तो कायमचा जात नाही, पण दुरुस्तीचा खर्च गेममधील कमाईतून वजा होतो. त्यामुळे बेफिकीर विजयही महाग पडतो. हे गेममधले पैसे खेळूनच मिळतात. त्या काळातील कॅसेट एकदा विकत घेतली की खिशातून पुन्हा काहीच जात नसे. पुढच्या चर्चेत हाच मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

मग तो आपल्याकडे का पोहोचला नाही?

आपल्या तालुक्याच्या गावांत १९९० च्या दशकात ‘टीव्ही गेम’ पोहोचला, तो फॅमिकॉमच्या नकलेच्या रूपात. ‘लिटल मास्टर’सारख्या नावांची यंत्रे आणि शेकडो गेम असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेट यांची चलती होती. त्यांत मारिओ, कॉन्ट्रा, बंदुकीने बदके मारण्याचा गेम आणि रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ हमखास असत. महाकाय रोबोंचे डावपेची गेम त्यात दिसले नाहीत, याची कारणे स्पष्ट आहेत.

पहिले कारण भाषा. मारिओला भाषा लागत नाही; उजवीकडे पळत सुटले की झाले. डावपेची गेममध्ये आदेश, शस्त्रे, संवाद सगळे जपानी लिपीत. दुसरे कारण यंत्रातले. असा गेम एका बैठकीत संपत नाही. खेळ जिथे थांबवला, तिथून पुढे सुरू करण्यासाठी अनेक मूळ कॅसेटमध्ये छोटी बटणासारखी बॅटरी बसवलेली असे. स्वस्त नकली कॅसेटमध्ये हा खर्च वाचवला जाई. त्यात ग्रामीण भागातील भारनियमन. वीज गेली की डाव पहिल्यापासून! पाच मिनिटांत संपणारा गेम अशा परिस्थितीत टिकतो, पन्नास तासांचा टिकत नाही.

तिसरे कारण हक्कांचे. एकाच गेममध्ये अनेक मालिकांतील रोबो असल्याने परदेशात विक्री करायची तर प्रत्येक हक्कधारकाची परवानगी लागते. त्यामुळे ही मालिका दीर्घकाळ जपानबाहेर अधिकृतपणे फारशी गेलीच नाही. २००६ मध्ये अमेरिकेत ‘ओरिजिनल जनरेशन’ नावाचा भाग इंग्रजीत आला, कारण त्यात टीव्ही मालिकांतील उसने रोबो नव्हते. सगळे कंपनीचे स्वतःचे होते. चित्र बदलले ते अलीकडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘सुपर रोबोट वॉर्स ३०’ संगणकावर इंग्रजीसह जगभर विक्रीस आला. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सुपर रोबोट वॉर्स वाय’ संगणक, स्विच आणि प्लेस्टेशनसाठी आला.

जुने गेम आता परत कसे आले?

यामागे ‘एम्युलेटर’ नावाचे सॉफ्टवेअर आहे. जुन्या कन्सोलची नक्कल करून ते नव्या यंत्रावर जुना गेम चालवते. ८-बिट काळातील यंत्रांची ताकद आजच्या सर्वांत स्वस्त चिपपेक्षाही कमी होती. त्यामुळे एका छोट्या पडद्यामागे शेकडो गेम सहज मावतात. बाजारातला ‘चारशे गेमचा डबा’ म्हणजे हेच. अॅपलनेही एप्रिल २०२४ पासून आयफोनच्या अॅप स्टोअरवर रेट्रो गेमच्या एम्युलेटरना परवानगी दिली.

दुसरा मार्ग अधिकृत पुनर्निर्मितीचा. महाकाय लढाऊ यंत्रांचाच १९९५ चा ‘फ्रंट मिशन’ हा डावपेची गेम २०२२ मध्ये नव्या रूपात निन्टेन्डो स्विचवर आला. कंपन्यांना कळून चुकले आहे की तिशी-चाळिशीतला ग्राहक आठवणींसाठी पैसे मोजतो. पण असे भाग्य मोजक्या गेमच्याच वाट्याला येते.

‘चारशे गेमचा डबा’ कायदेशीर आहे का?

येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. यंत्र आणि एम्युलेटर ही एक गोष्ट, त्यात भरलेले गेम ही दुसरी. नक्कल करणारे सॉफ्टवेअर स्वतः लिहिलेले असेल तर ते आपोआप चोरीचे ठरत नाही. त्यात हक्कधारकाच्या परवानगीविना भरलेले गेम मात्र चोरीच्या प्रती आहेत. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये संगणक प्रणालींना साहित्यकृतीसारखे संरक्षण आहे आणि ते अनेक दशके टिकते. गेम बाजारात मिळत नाही किंवा कंपनीने त्याकडे लक्ष देणे सोडले, म्हणून तो सर्वांचा होत नाही.

कायद्याच्या कलम ६३ खाली कॉपीराइटभंगासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कलम ६३ बी चोरीची संगणक प्रणाली जाणीवपूर्वक वापरणाऱ्यालाही लागू होते. मात्र वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर कैद न देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ ए कॉपीराइटभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवते. याउलट, ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याला ती हरवण्याच्या किंवा खराब होण्याच्या भीतीने राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ देते. थोडक्यात, आपल्या जुन्या मूळ कॅसेटची राखीव प्रत ठेवणारा आणि चारशे गेम भरून डबे विकणारा, हे कायद्याच्या नजरेत एक नाहीत.

या डब्यांबाबत दुसरा, अधिक व्यवहारी प्रश्न सुरक्षिततेचा आहे. इलेक्ट्रॉनिक व्हिडीओ गेम हे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी यादीत पहिल्या टप्प्यापासून, म्हणजे २०१२ च्या आदेशापासून आहेत. खोक्यावर मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक नसेल तर आत कोणत्या दर्जाची बॅटरी आहे, याची हमी कोणीच देत नाही. बिनचिन्हाचा डबा रात्रभर चार्जिंगला लावून ठेवणे धोक्याचे आहे.

जुने गेम जपण्याचा प्रश्न काय आहे?

अमेरिकेतील ‘व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम अधिकृतपणे विकत मिळत नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता. संशोधकांना असे गेम ग्रंथालयांकडून दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

गंमत अशी की, जुने गेम टिकून आहेत आणि नवे नाहीसे होत आहेत. १९९१ ची कॅसेट आजही गेम बॉयमध्ये खोचली तर चालू शकते. त्याच मालिकेतील ‘एक्स-ओमेगा’ हा मोबाइल गेम जपानमध्ये २०१५ मध्ये सुरू झाला आणि २०२२ मध्ये सर्व्हर बंद होताच संपला. त्यात खेळाडूंनी पैसे मोजून मिळवलेले रोबोही त्याबरोबर गेले. कंपनीने सर्व्हर बंद केल्यावरही विकत घेतलेला गेम चालला पाहिजे, या मागणीसाठी युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे या प्रश्नावर अजून फारशी चर्चा नाही.

ऑनलाइन गेमिंग कायद्यात असा गेम कुठे बसतो?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५’ लोकसभेने २० ऑगस्टला, राज्यसभेने २१ ऑगस्टला संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्यात तीन वर्ग आहेत. स्पर्धात्मक ‘ई-स्पोर्ट्स’, करमणुकीचे ‘ऑनलाइन सोशल गेम’ आणि ‘ऑनलाइन मनी गेम’. पहिल्या दोहोंना मान्यता व प्रोत्साहन, तिसऱ्यावर बंदी.

महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगारविरोधी कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. ‘आमचा खेळ कौशल्याचा आहे’ हाच युक्तिवाद रमी आणि कल्पित संघ निवडण्याच्या अॅपकडून वर्षानुवर्षे होत आला. नव्या कायद्याने तो मोडीत काढला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे किंवा पैशांच्या मोलाचे काही लावून बदल्यात आर्थिक किंवा अन्य लाभाची अपेक्षा असेल, तर तो मनी गेम. असा गेम चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला पीडित मानले आहे. कायदा होताच ड्रीम ११ सह अनेक कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

या चौकटीत कॅसेटवरचा किंवा एकदा पैसे भरून घेतलेला रोबो-गेम मनी गेम ठरत नाही. इंटरनेटविना चालत असेल तर तो ‘ऑनलाइन गेम’च्या व्याख्येतच येत नाही. ऑनलाइन असला तरी केवळ प्रवेशशुल्क किंवा वर्गणी भरल्याने तो जुगार होत नाही, कारण ती रक्कम डावावर लावलेली नसते आणि परत काही मिळण्याची अपेक्षाही नसते. म्हणजे ‘गेम’ हा शब्द ऐकून सरसकट घाबरण्याचे कारण नाही.

मग खरा पेच कुठे आहे?

पेच आहे या दोहोंच्या मध्ये. याच मालिकेचे मोबाइल अवतार ‘गाचा’ पद्धतीवर चालतात. जपानमध्ये दुकानाबाहेर नाणे टाकले की खेळणे असलेला गोळा देणारी यंत्रे असतात, त्यावरून हे नाव पडले. गेम फुकट असतो, पण हवा तो रोबो मिळेल की नाही हे सोडतीवर ठरते. सोडतीसाठी गेममधली नाणी लागतात आणि ती खऱ्या पैशांनी विकत घेता येतात. जिंकलेला रोबो विकून रोख रक्कम मिळत नाही, म्हणून कंपन्या म्हणतात, हा जुगार नाही. पण ‘आणखी एकदा, आता नक्की मिळेल’ ही मनाची ओढ मात्र तीच असते.

इतर देशांनी यावर वेगवेगळी उत्तरे शोधली. जपानच्या ग्राहक यंत्रणेने २०१२ मध्ये, ठरावीक संच पूर्ण केल्यावरच मोठे बक्षीस देणारी ‘कॉम्पू गाचा’ ही पद्धत बेकायदा ठरवली. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडायच्या ‘लूट बॉक्स’ना जुगाराच्या कक्षेत आणले. भारतीय कायद्यात विकत घेतलेली नाणी, टोकन यांचा समावेश ‘पैशांच्या मोलाच्या’ वस्तूंत आहे. परंतु न विकता येणारा आभासी रोबो हा ‘लाभ’ मानायचा का, याचे थेट उत्तर कायद्याच्या शब्दांत नाही. ते नियम, प्राधिकरण आणि न्यायालये यांनाच द्यावे लागेल. तोवर या गटातील गेम खुलेपणाने चालत राहतील आणि त्यांचा भार घरच्या खात्यावर पडेल.

शिरूर-दौंडमधील पालकांसाठी याचा अर्थ काय?

रांजणगाव किंवा कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे आई-वडील, घरी एक सामाईक मोबाइल आणि त्यावरच यूपीआय, असे चित्र या दोन्ही तालुक्यांत अपरिचित नाही. दौंड-पुणे शटलने महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांच्या हातातही तोच मोबाइल असतो. गेम कोणता, यापेक्षा तो पैसे कसे मागतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. पैसे एकदाच द्यायचे आहेत की पुनःपुन्हा? पैसे दिल्यावर काय मिळणार हे आधी कळते की सोडतीवर ठरते? जिंकल्यावर रोख रक्कम किंवा बक्षिसाचे आमिष आहे का? आणि गेम डाउनलोड अधिकृत स्टोअरवरून झाला की कोणी पाठवलेल्या लिंकवरून? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर तो गेम बंदीच्या कक्षेत येण्याची शक्यता मोठी. चौथ्याचे उत्तर ‘लिंकवरून’ असेल तर गेम बाजूलाच राहिला, फसवणुकीचीच शंका धरावी.

व्यवहारात, मोबाइलमधील खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड विचारला जाईल अशी सेटिंग ठेवावी, यूपीआय अॅपमधील ‘ऑटोपे’ची यादी महिन्यातून एकदा तपासावी आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदतवाहिनीवर तक्रार करावी. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. सदोष वस्तू किंवा सेवेबाबत राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५ आहे.

या क्षेत्रात काही संधीही आहे का?

आहे, आणि ती फार लांब नाही. ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा गेम २०२० मध्ये आणणारा ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ हा स्टुडिओ आणि ‘इंडस’ बनवणारी ‘सुपरगेमिंग’ ही कंपनी, दोन्ही पुण्यातील. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, गेमिंग आदी क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले.

डावपेची गेम बनवायला मोठ्या चित्रपटासारखा खर्च लागतोच असे नाही. १९९१ चा गेम चार छटांच्या इवल्या पडद्यावर चालला, तो नियमांच्या पक्क्या बांधणीवर. पट, सोंगट्या, मर्यादित साधने आणि प्रत्येक चालीची किंमत, हे गणित शाळेतल्या संगणकावरही मांडता येते. महाकाय रोबोंच्या जागी घोडनदी आणि भीमेच्या पाण्याचे वाटप करणारा, मराठीत बोलणारा डावपेची गेम का नसावा? तीस वर्षांपूर्वी भाषा आणि विजेने अडवलेला दरवाजा आता उघडा आहे. मुलांना त्यातून गेमकर्ते म्हणून जाऊ द्यायचे, की सोडतीच्या नाण्यांचे गिऱ्हाईक म्हणून, याचा निर्णय कायद्याइतकाच घर आणि शाळेच्या हाती आहे.